हरकती आणि सूचना

निरीक्षक बाई मिठागरावर आल्या तेव्हा शिडी पोटरीपर्यंत खाऱ्या पाण्यात उभी होती आणि तिचं तान्हं बाळ बांधावर, काठी लावून उभ्या केलेल्या टोपलीच्या सावलीत झोपलं होतं.

शिडीचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण ते मुकादमाशिवाय कुणी वाचलं नव्हतं. ती अंगानं सडसडीत आणि नवऱ्यापेक्षा चांगली वीतभर उंच होती. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात बायकांनी तिला शिडी म्हणायला सुरुवात केली, मग नवराही म्हणू लागला. सासूला तेव्हाच कमी दिसायला लागलं होतं. ती म्हणायची, "मी हिला नीट पाहिलेलीच नाही. पण आवाज वरून येतो, म्हणजे लोक खरं बोलतात."

वाफ्यातलं पाणी आटत आलं की वर मिठाची साय धरते. ती लाकडी दंताळ्यानं फोडून ओढायची, बांधावर ढीग घालायचा आणि ढीग निथळला की टोपल्या भरून डोक्यावरून गोदामापर्यंत न्यायच्या. उन्हाळाभर हेच. खालून मीठ चमकायचं, वरून ऊन, आणि मधे माणसं डोळे बारीक करून वाकलेली. थोरली, म्हणजे शिडीची सात वर्षांची मुलगी, गोदामाच्या वाटेवर सांडलेलं मीठ झाडून गोळा करायची. तिच्यासारखी आणखी दहा-बारा पोरं होती. त्यांची हजेरी लागत नसे. आईबरोबर आली आहेत, करतात काहीबाही, असं मुकादम म्हणायचा.

निरीक्षक बाईंचे बूट दोन वेळा चिखलात रुतले. तिसऱ्या वेळी त्यांनी ते काढून हातात घेतले आणि अनवाणीच थोरलीपाशी आल्या.

"किती वर्षांची गं तू?"

थोरलीनं आईकडे पाहिलं.

"सात," शिडी म्हणाली.

"शाळा?"

"जाते की. मीठ नसलं की जाते."

बाई खाली बसल्या. त्यांनी थोरलीचा पाय उचलून आपल्या गुडघ्यावर घेतला. टाचांना भेगा पडल्या होत्या, बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी होऊन सुटली होती.

"दुखतं?"

"पाणी लागलं की."

"पाणी कधी लागतं?"

थोरलीला प्रश्नच कळला नाही. चारी बाजूंना पाणीच होतं.

बाईंनी दोन्ही पायांचा फोटो काढला. मुकादम हात मागे बांधून उभा होता. तो हसून म्हणाला, "पोरं आहेत, बाई. घरी कोण सांभाळणार त्यांना?" बाईंनी वर पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी फाटकावर पाटी लागली. फाटकवाला म्हातारा होता, एका कानानं बहिरा, पण वाचायला पक्का. सकाळी बायका जमल्या तेव्हा त्यानं ती मोठ्यानं वाचून दाखवली. कायदा होईपर्यंत हा हुकूम लागू. चौदा वर्षांखालच्या कोणत्याही मुलाला आत प्रवेश नाही. सोडल्यास दंड.

"तान्ह्यांना पण?" शिडीनं विचारलं. बाळ तिच्या खांद्यावर होतं.

फाटकवाल्यानं पाटी पुन्हा वरून खाली पाहिली. "चौदाच्या खाली म्हणजे त्यात सहा महिनेही आलेच ना."

"याचे दात यायचेत अजून. हा काय मीठ खाणार आहे का तुमचं?"

बायका हसल्या. फाटकवालाही हसला, पण त्यानं फाटकावरचा हात काढला नाही. त्या दिवशी शिडी बाळ आणि थोरलीला घेऊन घरी परत गेली, त्यांना सासूजवळ सोडलं आणि धावतपळत पुन्हा आली. अर्धा दिवस गेला. मुकादमानं वहीत अर्धी रेघ मारली.

*

मग रोजचं ठरून गेलं. उजाडायच्या आत उठून शिडी बाळाला पाजायची, वाटीत थोडं दूध पिळून ठेवायची, वाटीवर ताटली, ताटलीवर दगड. घरापासून मिठागर पाऊण तासाची वाट. दुपारची सुट्टी अर्ध्या तासाची. म्हणजे जाऊन यायचा प्रश्नच नव्हता.

दहाच्या सुमारास छाती दगडासारखी व्हायची. टोपली डोक्यावर घ्यायला हात वर केले की दूध आपोआप गळायचं, कापड भिजायचं, त्यावर मिठाचं पाणी उडायचं आणि कातडी चरचरायची. पहिले दोन दिवस तिनं दंताळं छातीशी धरून भिजलेलं कापड लपवलं. तिसऱ्या दिवशी मुकादम बघत उभा राहिला आणि म्हणाला, "शिडीला पाझर फुटलाय." दोन पुरुष हसले. त्यानंतर ती दहा वाजता मोठ्या ढिगामागे जायची आणि दूध पिळून टाकायची. मिठावर पडलेलं दूध क्षणभर दिसायचं, मग नाहीसं व्हायचं.

"किती वाया चाललंय गं," तिच्याबरोबर ओझं उचलणारी जोडीदारीण एकदा म्हणाली.

"तिकडे तो रडत असेल आत्ता. मला इथं कळतं."

नवरा मिठागराच्या दुसऱ्या टोकाला पंपावर होता. भरतीच्या वेळेला पंप चालू ठेवायचा, त्यामुळे त्याच्या दिवसाला धड सुरुवात नव्हती की शेवट नव्हता. त्यानं एकदा विषय काढला.

"तू बस घरी थोडे दिवस."

"आणि?"

त्यानं हाताला लागलेलं काळं तेल पुसलं. "आणि काही नाही," तो म्हणाला.

घर म्हणजे पत्र्याच्या छपराची एक खोली. एक दार, एक खिडकी, एक खाट. सासू दारात बसायची. तिला उजेड आणि अंधार कळायचा, मधलं काही दिसत नव्हतं. दिवसभर बाळ थोरलीच्या कमरेवर. ते रांगायला लागलं तसे तिच्या नाकी नऊ आले. एकदा चुलीपर्यंत गेलं, एकदा पाण्याच्या बादलीत डोकं खाली करून वाकलं. मग थोरलीनं जुन्या कापडाची पट्टी फाडली, त्याच्या कमरेला बांधली आणि दुसरं टोक खाटेच्या पायाला.

"काय करतेस गं?" सासूनं विचारलं.

"बांधलंय याला."

"सैल बांध. तो काही चोर नाही."

शाळेतले गुरुजी एकदा दारावर आले. त्यांना वाटलं होतं, पाटी लागली, आता पोरं शाळेत भरून वाहतील. उलट होती तीही कमी झाली होती.

"आता तर मिठावर जात नाहीस ना?" ते थोरलीला म्हणाले. "मग येत का नाहीस?"

थोरलीनं बाळ एका कमरेवरून दुसऱ्या कमरेवर घेतलं. "हा आहे ना," ती म्हणाली.

गुरुजी पुढच्या घरी गेले. पुढच्या घरीही तेच होतं.

तिचे पाय मात्र बरे झाले. भेगा भरल्या, बोटांमधे नवी कातडी आली. शिडी संध्याकाळी तेल लावताना ते पाहायची.

*

उन्हाळा कडकडीत झाला. एक दिवस पत्रा सकाळी नऊलाच तापला. वाटीतलं दूध नासलं होतं. थोरलीनं वास घेतला, आजीला वास घ्यायला दिला. आजी म्हणाली, टाकून दे. पण सकाळी त्यातलं थोडं बाळाला पाजून झालं होतं. दहापर्यंत त्याला चार वेळा जुलाब झाले. पाणी पाजलं तर ओकलं. आधी रडत होतं, मग कुरकुर करायला लागलं.

"शेजारी कोण आहे का बघ," आजी म्हणाली.

थोरली सगळ्या ओळीतून फिरून आली. "सगळी मिठावर गेलीत. फक्त पोरं आहेत."

आजीनं हात पुढे करून बाळाचं तोंड चाचपलं, ओठ चाचपले. मग म्हणाली, "आईकडे घेऊन जा. डोक्यावर ओलं कापड टाक. बांधाच्या वाटेनं जा आणि मधे कुठं बसू नकोस."

सात वर्षांची पोर आणि नऊ महिन्यांचं बाळ. मोठ्या माणसाला जी वाट पाऊण तासाची, तिला दीड तास लागला असणार. वाटेत झाड नव्हतं. कापड वाळलं तेव्हा ते परत ओलं करायला बांधाच्या कडेला खारं पाणीच होतं, आणि ते लावायचं नाही एवढं तिला कळत होतं.

ती फाटकाशी पोचली तेव्हा फाटकवाला दारातच होता.

"आईला बोलवा. हा ओकतोय."

"आत नाही येता येणार, बाळा."

"मी नाही येत आत. आईला बोलवा."

फाटकवाल्यानं जाणाऱ्या गडीमाणसाकडे निरोप दिला. निरोप शिडीकडे जायच्या ऐवजी मुकादमाकडे गेला, कारण सगळे निरोप आधी मुकादमाकडे जायचे. त्या दिवशी गोदामाशी गाडी लागली होती. मुकादम म्हणाला, "सुट्टीला किती उरलाय वेळ? सुट्टीत जाईल ती."

फाटकवाल्यानं आपली खुर्ची थोरलीला दिली. खुर्ची उन्हात होती, कारण चौकीची सावली फाटकाच्या आतल्या बाजूला पडत होती. सावली जिथं सुरू होत होती तिथून पाटीचा हुकूमही सुरू होत होता. त्यानं आपल्या बाटलीतलं पाणी बोटानं बाळाच्या ओठांना लावलं. दोनदा त्याला वाटलं, घ्यावं पोरांना आत, कोण बघतंय. पण गाडीवाले बघत होते, मुकादम बघत होता, आणि याच कामावर आपण मरेपर्यंत टिकावं अशी त्याची इच्छा होती. त्यानं घेतलं नाही.

सुट्टी झाली तेव्हा निरोप शिडीपर्यंत पोचला. ती धावत आली. मिठागरावर कुणी धावत नाही, पाय घसरतो. ती दोनदा घसरली. बाळ थोरलीच्या मांडीवर होतं आणि रडत नव्हतं. तिनं त्याला छातीशी लावलं. दूध आपोआप वाहत होतं, पण त्यानं तोंड उघडलं नाही. टाळूवर हात ठेवला तर बोट आत जाईल एवढा खळगा.

"कधीपासून आहात इथं?"

"मघापासून," थोरली म्हणाली. तिला घड्याळ येत नव्हतं. तिचा एक गाल लालभडक झाला होता आणि ओठाला चीर पडली होती.

गोदामाशी मीठ भरून निघालेल्या गाडीच्या ड्रायव्हरनं काही न विचारता त्यांना पुढे बसवलं. दवाखान्यातल्या नर्सनं बाळाच्या हाताची शीर शोधली, सापडली नाही, मग पायाची शोधली. तिसऱ्या सुईला सलाईन लागलं. "आणखी तासभर झाला असता तर," नर्स म्हणाली आणि थांबली, कारण थोरली तिच्या तोंडाकडे बघत होती.

बाळ वाचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं दूध ओढलं, इतकं जोरात की शिडीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती रडली नाही असं ती पुढे सांगायची. दुखलं म्हणून पाणी आलं, म्हणायची.

घरी आल्यावर संध्याकाळी फाटकवाला दारात येऊन उभा राहिला. सासूनं पावलं ओळखली.

"ये, बस."

तो बसला नाही. "मी निरोप दिला होता," तो शिडीला म्हणाला. "लगेच दिला होता."

"माहीत आहे मला."

"खुर्ची पण दिली."

"सांगितलं तिनं."

जाताना त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. फाटकावर लावायला आलेल्या दोनपैकी एक त्यानं तिच्यासाठी आणला होता. उभ्या उभ्या वाचला. नव्या कायद्याचा मसुदा तयार झाला आहे. मिठागरं, खाणी, भट्ट्या, सगळ्याला लागू होईल. त्यावर लोकांच्या हरकती आणि सूचना ऐकण्यासाठी अमुक दिवशी शाळेच्या मोठ्या खोलीत बैठक आहे.

"यात बोलता येतं?" शिडीनं विचारलं.

"त्यासाठीच ठेवलीय म्हणतात."

*

बैठकीच्या आदल्या दिवशी मुकादमानं दुपारच्या सुट्टीत बायकांना गोळा केलं. त्यानं पाण्याचा माठही सावलीत आणवला होता.

"उद्या सगळ्यांनी एकच बोलायचं," तो म्हणाला. "मुलं आमच्याजवळ बरी होती. हुकूम मागे घ्या, मुलं आत येऊ द्या. संपलं. जास्त फाटे फोडायचे नाहीत."

बायकांनी माना हलवल्या. त्यांना तेच हवं होतं. प्रत्येकीच्या घरात कुणी ना कुणी बांधलेलं होतं.

"तान्हीच ना?" शिडी म्हणाली. "मोठी शाळेत जातील."

"सगळीच येऊ देत. आईजवळ बरी असतात पोरं."

"मोठी येऊन काय करणार?"

"नाही तर वाट कोण झाडणार?" मुकादम बोलून गेला. मग त्यानं पाण्याचा पेला तोंडाला लावला.

त्या रात्री जेवताना शिडीनं सासूला विचारलं, "तुम्ही किती वर्षांच्या असताना मिठावर गेलात?"

"आईच्या पाठीवर बसून गेले. मग उतरले आणि काम करायला लागले. मधे काही नाही."

"आईजवळ होतात. बरं होतं?"

"फार बरं होतं," सासू म्हणाली. "म्हणून तर आता तू जेवतेस की नाही ते मला ऐकून समजून घ्यावं लागतं."

नवरा जेवत होता. तो म्हणाला, "मुकादमाच्या विरुद्ध बोलू नकोस. मग तो तुला लांबच्या वाफ्यावर टाकेल."

"टाकू दे. पाय लांब आहेत माझे."

शाळेच्या खोलीत बाकं लहान मुलांची होती. बायकांचे गुडघे वर आले. समोर टेबलामागे तिघं बसले होते. मधे अध्यक्ष, जाडसर आणि घामाघूम. एका बाजूला निरीक्षक बाई, दुसऱ्या बाजूला लिहिणारा कारकून. मागे भिंतीवर मसुद्यातल्या गोष्टी समजाव्यात म्हणून मोठमोठे फोटो लावले होते. त्यातला एक दोन पायांचा होता. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. शिडीनं ते पाय ओळखले. भिंतीवर ते थोरलीच्या पायांच्या दहापट मोठे होते.

आधी तीन बायका बोलल्या. तिघींनी एकच वाक्य म्हटलं, शब्दसुद्धा तेच. कारकून तिसऱ्या वेळी 'वरीलप्रमाणे' असं लिहून मोकळा झाला. मागच्या बाकावर मुकादम पायावर पाय टाकून बसला होता. खोलीच्या दाराशी फाटकवाला उभा होता.

शिडी उठली. ती पूर्ण उभी राहायला वेळ लागतो, तेवढ्यात कुणीतरी फिसकन हसलं.

"हरकत की सूचना?" कारकुनानं विचारलं.

"काय फरक आहे?"

"मसुद्यातलं काही नको असेल तर हरकत. काही हवं असेल तर सूचना."

"मग दोन्ही लिहा."

अध्यक्षांनी रुमालानं मान पुसली. "बोला, बोला. थोडक्यात."

"ते पाय माझ्या मुलीचे आहेत." तिनं भिंतीकडे हात केला. निरीक्षक बाईंनी मान वळवून फोटोकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "ते आता बरे झालेत. खोटं कशाला बोलू? पाटी लागली आणि पाय बरे झाले. मुलांनी मिठात येऊ नये. मी परत आणणार नाही तिला, कुणी काही म्हणो."

मागच्या बाकावर पाय खाली आले.

"ही झाली एक," शिडी म्हणाली. "आता दुसरी. पाटी लागल्यावर मुलं फाटकातून दिसेनाशी झाली. पण ती गेली कुठं, हे कुणी बघितलं? माझा मुलगा खाटेला बांधलेला असतो. दहा महिन्यांचा आहे. सात वर्षांची त्याला सांभाळते आणि दोघांना जी सांभाळते तिला दिसत नाही. गेल्या महिन्यात तो मरत होता. फाटकाबाहेर. मी आत होते आणि माझं दूध मी मिठात पिळत होते."

कारकून लिहायचा थांबला होता.

"लिहा की," ती त्याला म्हणाली.

"काय लिहू? मुलांनी आत यावं की येऊ नये?"

"मुलं आत यायची म्हणजे कामावर नाही. फाटकाच्या आत, मिठापासून लांब, एक सावली करा. पिण्याचं पाणी ठेवा. एक बाई ठेवा, पगारी, दिसणारी. आणि तान्ह्याला पाजायला मला दोन वेळा सोडा आणि त्याची हजेरी कापू नका. असं झालं तर हिला शाळेत पाठवता येईल."

"कुणाला?"

"हिलाच," तिनं पुन्हा भिंतीवरच्या पायांकडे बोट केलं.

निरीक्षक बाई म्हणाल्या, "मुलगी कुठं आहे आत्ता?"

"बाहेर नळाजवळ. बाळाला घेऊन."

"बोलवा तिला."

अध्यक्ष कुरकुरले. "बाई, लहान मुलीचं काय नोंदवायचं? वेळ नाहीये."

"पहिल्याच पानावर आपण लिहिलंय की हा कायदा मुलांच्या भल्यासाठी आहे," निरीक्षक बाई म्हणाल्या. "आख्ख्या मसुद्यासाठी मी अजून एकाही मुलाला काय हवंय ते विचारलेलं नाही. तिला फक्त वय आणि पाय दुखतात का एवढंच विचारलं होतं, वयही आईनं सांगितलं."

फाटकवाला बाहेर गेला आणि थोरलीला घेऊन आला. बाळ कमरेवर होतं. ते धरून धरून तिची एक बाजू वर गेली होती, ती सरळ उभी राहिली तरी तिरपी दिसायची. इतकी माणसं बघून तिनं दाराची चौकट धरली. फोटोकडे तिचं लक्षच गेलं नाही.

"ओळखलंस मला?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही बूट काढलेले."

बायका हसल्या, बाईही हसल्या. "मला एक सांग. तुला काय हवंय? मोठ्या माणसांनी काय करावं?"

थोरलीनं आईकडे पाहिलं. या वेळी आई काही बोलली नाही. मुलीला वाटलं, काहीतरी चुकलंय आपलं. तिनं बाळाला जरा वर सरकवलं.

"याला कुणीतरी घ्यावं," ती म्हणाली.

"किती वेळ?"

तिनं विचार केला. "शाळा सुटेपर्यंत. मग मी घेईन."

कारकुनानं अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "लिहा. जसं बोलली तसं लिहा."

*

दुसऱ्या दिवशी मुकादमानं शिडीला सगळ्यात लांबच्या वाफ्यावर पाठवलं. तिथून गोदामापर्यंत ओझं घेऊन दुप्पट वाट चालावी लागायची. चौथ्या दिवशी हजेरीच्या वेळी त्यानं तिचं नाव वाचलंच नाही. ती फाटकाशी उभी राहिली. बायका खाली मान घालून आत गेल्या. जोडीदारीण मात्र चार पावलं जाऊन परत आली.

"माझं टोपलं जड आहे," ती मुकादमाला म्हणाली. "ही नसेल तर मला उचलून कोण देणार?"

"दुसरी कुणी."

"दुसरीचा हात तिथवर पोचत नाही. मी पण बसते मग."

गाडी उभी होती, माणसं कमी होती. मुकादमानं वहीत नाव लिहिलं, पण तीन दिवस तिच्याकडे बघून बोलला नाही. शिडीला ते बरंच वाटलं.

त्याच आठवड्यात निरीक्षक बाई घरी आल्या. नवऱ्याची त्या दिवशी पंपावरून सुट्टी होती, त्यानं खाट दिली तरी त्या जमिनीवरच बसल्या. त्यांनी खाटेच्या पायाला बांधलेली पट्टी हातात घेतली, गाठ पाहिली, ती लिहून घेतली नाही.

सासूनं दारातून विचारलं, "तूच का ती पाटी लावणारी?"

"मीच."

"आवाजावरून शहाणी वाटतेस. मग लावायच्या आधी विचारलं का नाहीस?"

बाळ रांगत येऊन त्यांच्या पिशवीचा बंद चोखायला लागलं.

"पाय पाहिले," त्या म्हणाल्या. "घर पाहिलं नाही. चुकलं माझं."

"बरं. चहा घे," सासू म्हणाली.

नंतर बाई फाटकापर्यंत पायी गेल्या. भर दुपारी, बांधाच्या वाटेनं, थोरलीला बरोबर घेऊन. त्यांनी वाटेत छत्री धरली होती. ती थोरलीच्या डोक्यावर यावी म्हणून त्या वाकून चालत होत्या.

कायदा व्हायला दीड वर्ष गेलं. मधे एक अख्खा हंगाम तसाच गेला, पाटी तशीच राहिली, पट्टीही. शेजारच्या ओळीतलं एक पोर चुलीवर पडलं, त्याचा हात भाजला. तेही बाईंनी येऊन लिहून नेलं. एकदा अध्यक्ष बदलले म्हणून सगळं थांबलं होतं. मग पुढचं मीठ धरायला लागलं त्या महिन्यात नवा कागद आला, चांगला चार पानांचा. फाटकवाल्यानं चष्मा पुसून सगळा वाचला. कामाच्या जागी मुलांकडून काम करून घेता येणार नाही. जिथं दहाहून जास्त बायका कामाला असतील तिथं पाळणाघर, सावली, पिण्याचं पाणी आणि सांभाळणारी बाई मालकानं द्यायची. पाजणाऱ्या आईला दिवसातून दोनदा सुट्टी, हजेरी पूर्ण. आणि शेवटच्या पानावर एक ओळ: यापुढे कामाच्या जागेसंबंधी कोणताही नियम करताना त्यानं मुलांचा दिवस कसा बदलेल, हे आधी जाऊन पाहावं आणि मुलांना विचारावं.

"हे तुझ्या पोरीचं आहे," फाटकवाला म्हणाला.

"तिनं असं काही म्हटलं नव्हतं."

"मोठ्या माणसांनी लिहिलं की असंच होतं."

मुकादमानं पाळणाघर आधी पंपाच्या शेजारी, धुरात बांधायला घेतलं होतं. पंपवाल्यानं पंप बंद ठेवून सांगितलं, इथं माझी पोरं बसणार नाहीत. नवरा मुकादमाशी मोठ्यानं बोलला, ही गोष्ट शिडी नंतर आठवडाभर सगळ्यांना सांगत होती. मग ते फाटकापाशी, चौकीच्या मागे झालं. चार खांब, गवताचं छप्पर, दोन पाळणे, खाली चटई. सांभाळायला जोडीदारणीची मावशी आली. तिचे पाय मिठानं गेले होते, पण डोळे शाबूत होते आणि आवाज असा की पोरं जागच्या जागी बसत.

पहिल्या दिवशी पाळण्यात झोपलं ते नव्यानं कामाला आलेल्या एका पोरसवदा बाईचं सहा आठवड्यांचं बाळ. शिडीचा मुलगा तोवर चालायला, पळायला लागला होता. त्याचं दूध कधीच सुटलं होतं. दहा वाजता सुट्टीची घंटा झाली आणि ती पोरसवदा बाई ओले हात पुसत सावलीकडे धावली. शिडीनं तिच्या हातातलं दंताळं घेतलं.

"सावकाश जा," ती म्हणाली. "घसरशील."

त्या दिवशी थोरली शाळेत गेली. आठ संपून नववं लागलं होतं, पण तिला पहिलीच्या बाकावर बसवलं. शेजारची पोरं तिच्या खांद्याला लागत होती. संध्याकाळी शिडी मुलाला खांद्यावर घेऊन घरी आली तेव्हा थोरली दारात आजीशेजारी बसली होती.

"काय केलंस शाळेत?"

"काही नाही."

"काही नाही कसं? दिवसभर काय केलंस मग?"

"बसले होते," थोरली म्हणाली. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवून दाखवले, तळवे वर करून. "असे."

"आणि?"

"आणि काही नाही. कुणी काही उचलायला सांगितलं नाही."